मनगटाची पट्टी

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी असे ३७ रुग्ण १८८० साली नोंदवले. आज आपण याला 'कार्पल टनेल' म्हणतो.

पण इलाज त्याहून जुना! लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या एका माणसाचं मनगटाचं मोडलेलं हाड जास्तच भरून आलं, नस दबली, बोटांना जखमा झाल्या. मनगट बांधून ठेवल्यावर त्या भरल्या. हात वापरताच पुन्हा आल्या. जेम्स पॅजेट यांनी १८५० च्या दशकात हे लिहून ठेवलं.

मनगट वाकलं की नसेवरचा दाब वाढतो. म्हणून आजही रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी आधी देतात. घरातली बाई हात झटकत उठली, तर "वय झालं" म्हणू नका. अंगठ्याखालचा उंचवटा झिजण्याआधी डॉक्टरांना दाखवा.