तीन पट्ट्यांचं मैदान

नागपूरच्या महाल भागात गांधी गेटच्या आतल्या गल्ल्यांतून स्कूटी काढायची मारामार. तिथे २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद बास्केटबॉल कोर्ट कुठून मावणार?

मुलींना तर एकेकाळी जागा असूनही अख्खं कोर्ट मिळत नव्हतं. मुलींच्या कॉलेजात हा खेळ आणला सेंडा बेरेन्सन यांनी, १८९२ साली, अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात. मैदानाच्या तीन पट्ट्या. आपली पट्टी सोडायची नाही, दुसरीच्या हातून चेंडू हिसकायचा नाही. मुली दमतील, ही काळजी!

पुण्याच्या शिरीन लिमयेला अशी पट्टी नाही, ती अख्खं कोर्ट पळते. २०१७ मध्ये बंगळुरूत कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाचा ‘ब’ विभाग जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत ती कर्णधार. इंडोनेशिया, मंगोलियाला नमवून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे उत्तर कोरिया भारी पडला.