भल्या चेटकिणीचे आजोळ

‘चेटकीण’ हा शब्द उच्चारताच ‘दुष्ट’ हे विशेषण आपण होऊन त्याच्याशेजारी येऊन बसते. युरोपातही शतकानुशतके हाच शिरस्ता होता; आणि १४८६ च्या सुमारास हाइनरिश क्रामर या डोमिनिकन धर्मोपदेशकाने, स्त्रीजात स्वभावतःच विषयलोलुप असल्यामुळे सैतानास लवकर वश होते, असे आपल्या कुप्रसिद्ध ग्रंथात प्रतिपादून त्या समजुतीवर शास्त्राची मोहर उमटविली. पुढे ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या कथेतील, पोरांना भट्टीत भाजू पाहणारी म्हातारी त्याच मुशीतली.

मग भली चेटकीण आली कोठून? माझ्या मते तिचे आजोळ न्यूयॉर्क राज्यातील फेएटव्हिल गावी, मॅटिल्डा जॉस्लिन गेज यांच्या घरी आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या या विदुषीने १८९३ च्या आपल्या ग्रंथात, चेटकीण ठरवून जाळलेल्या स्त्रिया वस्तुतः त्या काळच्या ज्ञानवंत होत्या, असा पक्ष मांडला. त्यांनी दिलेला ९० लक्ष बळींचा आकडा आज ग्राह्य धरीत नाहीत, ४० ते ६० हजार मानतात. परंतु खटल्याच्या दफ्तरात जिची बाजू कोणी नोंदविलीच नाही, त्या आरोपी स्त्रीची कैफियत ऐकण्याची त्यांची न्यायबुद्धी मला वंदनीय वाटते.

गेज यांची धाकटी कन्या मॉड हिने १८८२ मध्ये लायमन फ्रँक बॉम या नाटकवेड्या तरुणाशी विवाह केला. हिवाळ्यात सासूबाई शिकागोस मुक्कामाला येत, आणि जावई मुलांना सांगत असलेल्या गोष्टी ऐकून त्या लिहून काढण्याचा आग्रह धरीत. १८९८ मध्ये त्या निवर्तल्या. १९०० मध्ये ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ प्रसिद्ध झाले. त्या अद्भुत मुलखात पाऊल टाकताच, चेटकिणी साऱ्याच दुष्ट असतात असे समजून चाललेल्या डोरोथीला उत्तरेची वृद्ध चेटकीण तो गैरसमज असल्याचे सांगते. आणि शेवटी तिला घरची वाट दाखविते तीही दक्षिणेची चेटकीण ग्लिंडाच. सासूबाईंचा अवघा ग्रंथ त्या एका संवादात बालभाषेत उतरला आहे, असे मला प्रत्येक वाचनात वाटत आले आहे.

पश्चिमेची चेटकीण मात्र दुष्टच राहिली, आणि मूळ कथेत नसलेला हिरवा वर्ण तिला १९३९ च्या चित्रपटाने दिला. तिचीही कैफियत अखेर १९९५ मध्ये ग्रेगरी मॅग्वायर यांनी ‘विकेड’ कादंबरीत लिहिली आणि बॉमच्या एल्-एफ्-बी या आद्याक्षरांवरून तिचे नाव एल्फबा ठेविले. सासूबाईंचे एकही आद्याक्षर त्या नावात नाही.