‘सर्वांत सारखे’ म्हणजे कोणांत?

१९९३ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक नवी खूण सापडली. आपल्या डीएनएमध्ये एकच अक्षर ओळीने पुन्हा पुन्हा येते अशा जागा असतात. पेशी विभागताना नक्कल करण्यात तिथे हमखास चुका होतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली, की गाठीतल्या अशा जागांची लांबी बदलते.

लांबी बदलली हे ठरवायचे, तर मूळची ठाऊक हवी. म्हणजे त्याच रुग्णाच्या निरोगी पेशीही तपासायला हव्यात. ‘बॅट-२६’ या जागेमुळे हा खटाटोप अनावश्यक वाटू लागला. तिथे ‘ए’ हे अक्षर सुमारे २६ वेळा येते, आणि तपासलेल्या जवळजवळ सर्व माणसांत ही लांबी सारखीच निघाली. मग नुसती गाठ तपासली तरी पुरे, असा विश्वास बळावला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बेथेस्डा शिफारशींतील पाच खुणांत ‘बॅट-२५’ आणि ‘बॅट-२६’ होत्या.

पण ती माणसे मुख्यतः युरोपीय वंशाची होती. १९९९ साली आफ्रिकी वंशाच्या निरोगी लोकांत याच जागा पाहिल्या, तेव्हा काहींची लांबी वेगळी आढळली. ना रोग, ना बिघाड. आईबापांकडून आलेला निरुपद्रवी फरक. नुसत्या गाठीच्या तपासणीत मात्र तो रोगाची खूण ठरला असता.

तंत्र बदलले, पेच तोच राहिला. २०१५ साली अमेरिकेत ८१५ रुग्णांच्या गाठी आणि निरोगी पेशी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. केवळ गाठ वाचली असती, तर निवडक जनुकांच्या चाचणीत ३१ टक्के आणि सर्व जनुकांच्या चाचणीत ६५ टक्के ‘बदल’ खोटे ठरले असते.

याचे मोल रुग्ण मोजतो. २०२० पासून अमेरिकेत गाठीतील बदलांच्या संख्येवरूनही एक महागडे प्रतिकारशक्तीवर्धक औषध देता येते. निरोगी पेशी हाताशी नसल्या, तर जन्मजात फरक जनुकसंग्रहाशी ताडून वजा करतात. ज्याच्या समाजाची त्या संग्रहात नोंदच नाही, त्याचे जन्मजात फरक वजा होत नाहीत. संख्या फुगते, आणि उपयोगाची फारशी आशा नसलेले औषध माथी येऊ शकते.

शतकानुशतके जातीतल्या जातीत लग्ने करणाऱ्या आपल्या देशात असे फरक पुष्कळ. ‘जीनोम इंडिया’ने सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकवाचन केले, त्याचे महत्त्व इथे कळते. तरी खात्रीचा उपाय जुनाच आहे: गाठीसोबत त्याच माणसाचे थोडे रक्तही तपासावे.