आंतड्याचा आंधळा कप्पा

२९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ यांनीं एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगानें ग्रासलेला भाग कापून काढला आणि उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. ती शस्त्रक्रियेंतून वांचली, पण कांहीं महिन्यांनीं मूळ रोगानेंच गेली. १८८५ सालीं बिलरोथ यांनीं दुसरी पद्धत काढली. तींत अन्नाच्या वाटेबाहेर आंतड्याचा एक कप्पा उरतो.

निरोगी लहान आंतडें म्हणजे वाहता ओढा. जठरांतील आम्ल जंतूंस मारतें, उरलेल्यांस आंतड्याची लाट पुढें लोटते. कप्प्यांत प्रवाह मंदावला कीं डबक्यांतल्या शेवाळाप्रमाणें जंतु माजतात. ते पित्तक्षार फोडतात, त्यामुळें स्निग्ध पदार्थ पचत नाहींत. आणि ब-१२ जीवनसत्त्व ते स्वतःच गिळतात. रोगी पोटभर जेवतो आणि तरीही झिजतो! रक्तांतील तांबड्या पेशी थोड्या, पण आकारानें मोठ्या होतात.

अशाच मोठ्या पेशींचा पांडुरोग मुंबईच्या गरीब गर्भवतींत आढळे. १९२८ सालीं लूसी विल्स त्याच्या शोधार्थ तेथें आल्या. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, असें त्यांनीं दाखविलें. तेथें उणीव ताटांतच होती. कप्प्याच्या रोग्याचें ताट मात्र भरलेलें असे.

१९४८ सालीं ब-१२ शुद्ध स्वरूपांत हातीं आलें, आणि पुढच्या दशकांत या चोरीचा उलगडा झाला. जंतुनाशक औषध दिल्यावर कित्येक रोग्यांचें तेंच आंतडें तेंच जीवनसत्त्व पुन्हां शोषूं लागलें. औषध थांबल्यावर कांहींचें दुखणें उलटे. मग शस्त्रवैद्यासच तो कप्पा पुन्हां उघडावा लागे.