गोंधळी (रेणुराई)
देवीच्या नावाने गोंधळ हा विधी घालणारा महाराष्ट्रातील फिरता लोककलावंत. माहूरच्या (जि. नांदेड) रेणुकेचे उपासक ते रेणुराई, तुळजाभवानीचे ते कदमराई (पहा : तुळजापूर). परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिरापासून व शिरांच्या तंतूंपासून तुणतुणे केले आणि ते वाजवीत माहूरला रेणुकेला वंदन केले, अशी उत्पत्तिकथा आहे. सोमेश्वराच्या मानसोल्लास (१२ वे शतक) या ग्रंथात ‘गोंडली’ नृत्याचा उल्लेख आहे. त्याचा गोंधळाशी संबंध काही अभ्यासक जोडतात.

गोंधळाची विद्या घरातच आणि ऐकूनच मिळते. लेखी पाठ नसतो. मूल मोठ्यांबरोबर रात्र जागवते, दिवटी धरते, झांजेवर ताल पक्का करते, मग तुणतुणे हाती घेते. तुणतुण्याची एकच तार गायकाला आधारस्वर देते. संबळ मात्र वर्षांची मेहनत मागतो : लहानमोठ्या जोडमडक्यांवर टिपऱ्यांनी लय धरताना नायकाच्या (मुख्य गोंधळ्याच्या) कथनाकडे कान ठेवावा लागतो (पहा : संबळ). नायक होण्यासाठी आख्याने मुखोद्गत असावी लागतात. चौक मांडणे, गण, देवतांना आवाहन, आख्यान व आरती असा विधीचा क्रम असतो. पायघोळ अंगरखा, पगडी व गळ्यात कवड्यांची माळ हा वेश.

लग्न व इतर मंगलकार्यांच्या निमंत्रणांवर गोंधळ्यांची गावोगावची भटकंती चालते. परभणीचे राजाराम कदम यांनी ही कला रंगमंचावर नेली (पहा : जागरण, माहूर).