दोन तिरक्या रेघा

श्रोतेहो, संगणकाच्या आज्ञावलीतल्या काही ओळी यंत्रासाठी नसतातच. त्या माणसासाठी असतात. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेत छिद्रपत्राच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे इंग्रजी अक्षर आले, की यंत्र ती ओळ ओलांडून पुढे जाई. १९६७ साली मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या बीसीपीएल भाषेत दोन तिरक्या रेघा आल्या. त्यांच्यापुढे, ओळ संपेपर्यंत, सारे टिपण. नंतरच्या सी भाषेने त्या टाकल्या आणि टिपण उघडायला एक, मिटायला दुसरी खूण घेतली. पण मिटायचे विसरले, की पुढच्या आज्ञाही टिपणात बुडत! सी प्लस प्लस भाषेने रेघा परत आणल्या. १९९९ च्या प्रमाणकात सीनेही त्या स्वीकारल्या. मात्र शिक्षकबंधुभगिनींनो, यंत्र टिपण वाचत नाही, म्हणून त्यातली चूकही पकडत नाही. आज्ञा बदलली, तर टिपणही बदलावे. नाहीतर मागून येणारा फसलाच म्हणून समजा.