अटलांटाचे हिप-हॉप आणि तेथील बोली

हिप-हॉपचा उगम १९७३ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाला. साहजिकच या गीतप्रकारात दीर्घकाळ तेथीलच उच्चार प्रमाण मानले जात. अमेरिकेच्या दक्षिणेतील अटलांटा नगराच्या गायकांनी हे प्रामाण्य नाकारले, हे त्यांचे खरे कार्य होय. १९९४ मध्ये ‘आउटकास्ट’ या गायकद्वयाचा पहिला ध्वनिमुद्रित संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांच्या पठणात दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची बोली जशीच्या तशी उतरली आहे; ‘आय’ हा संयुक्त स्वर ‘आ’कडे झुकतो. १९९५ मध्ये न्यू यॉर्क येथील ‘सोर्स’ पारितोषिक-समारंभात त्यांची हुर्यो उडविण्यात आली. पुढे २००४ मध्ये त्यांच्याच संग्रहास वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. बोलीची प्रतिष्ठा इतक्या अल्पावधीत पालटल्याची उदाहरणे विरळाच!

‘ट्रॅप’ या शब्दाचा प्रवास याहून उद्‌बोधक आहे. तेथील बोलीत मादक द्रव्यांच्या विक्रीचे घर, हा त्याचा अर्थ. टी. आय. या गायकाच्या २००३ मधील संग्रहाच्या नावात तो आला व कालांतराने एका संगीतप्रकाराचे नाव होऊन बसला. या अर्थविस्तारात मूळची दाहकता मात्र ओसरली. २०१३ पासून ‘मीगोस’ या त्रयीने तीन-तीन अक्षरांच्या गटांची पठणपद्धती लोकप्रिय केली. तिची लय चतुर आहे. परंतु आउटकास्टच्या शब्दांतून जो परिसर डोळ्यांपुढे उभा राहतो, तो तिच्या अनुकरणांत क्वचितच आढळतो.